भिडूने त्यांचाच रंग बोलला, आता काय?
(बिडिंग बॉक्ससोबत मिळणारे माहितीपत्रक, नाशिक)

प्रतिस्पर्ध्याने एक चौकट उघडली आणि थोड्या वेळाने आपला भिडू 'दोन चौकट' बोलला. मेंढीकोटातून ब्रिजकडे वळलेले आमचे कितीतरी नाशिककर ग्राहक इथे गडबडतात. भिडूकडे चौकटच असणार असे समजून पास करतात, आणि कुठल्या तरी भलत्याच रंगात आठ हात करायची पाळी येते. ही क्यू बिड आहे, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांचाच रंग मुद्दाम बोलणे. तिच्यावर पास करायचा नसतो.

अर्थ लावताना एवढेच पाहा: क्यू बिड करणाऱ्याच्या भिडूने आधी काही बोली दिली होती का?

दिली असेल, तर बहुतेक वेळा अर्थ 'तुझा रंग मला चालतो, आणि पानेही बरी आहेत' असा. समजा डावीकडून एक चौकट, भिडू एक इस्पिक, उजवीकडून पास. तुमच्याकडे इस्पिक राजा-८-४, बदाम एक्का-राणी-७-३, चौकट ९-५, किलवर राणी-१०-६-२. म्हणजे ११ गुण (एक्का ४, राजा ३, राणी २) आणि इस्पिकची तीन पाने. बोला दोन चौकट. भिडूची पाने बेताची असतील तर तो दोन इस्पिकवर परत येईल आणि तुम्ही तिथेच थांबाल. चांगली असतील तर पुढे जाईल. मग सरळ तीन इस्पिक कधी बोलायचे? चार इस्पिक आणि जेमतेम सहा गुण असताना, समोरच्यांची वाट अडवायला. जोरदार पाने क्यू बिडमधून दाखवता येतात, म्हणूनच ही उडी दुबळ्या पानांसाठी मोकळी राहते. आमच्या मते नव्या जोडीने सगळ्यात आधी हेच पक्के करावे.

भिडूने टेकआउट डबल (त्यांच्या बोलीवर 'तू तुझा रंग बोल' असे सांगणारा डबल) दिला असेल, तर क्यू बिड म्हणजे '१२ च्या आसपास गुण आहेत, रंग तू सांग'.

भिडू अजून बोललेलाच नसेल, तर आज बहुतेक जोड्या मायकल्स नावाची क्यू बिड खेळतात; ती एकाच बोलीत दोन रंग दाखवते. हे नाव अमेरिकेच्या माइक मायकल्स यांच्यावरून पडले. एक किलवर किंवा एक चौकटवर त्यांचाच रंग दोनला बोलला, तर इस्पिक आणि बदाम पाच-पाच. एक बदामवर दोन बदाम म्हणजे पाच इस्पिक आणि किलवर-चौकटपैकी एक. कोणता ते दोन नो-ट्रम्प (हुकमाविना खेळायची बोली) बोलून विचारता येते. मात्र काही जोड्या दोन पानांवरही एक किलवर उघडतात. तिथे दोन किलवर खरे मानायचे की मायकल्स, हे भिडूशी आधीच ठरवा.

बोली वर चढल्यावर त्यांचा रंग बऱ्याचदा तीन नो-ट्रम्पसाठी 'तुझ्याकडे स्टॉपर (त्यांचा रंग अडवणारे पान) आहे का?' असे विचारतो. त्यांनी दोन रंग बोलले असतील तर उलटे: ज्या रंगाची क्यू बिड केली, त्याचा स्टॉपर आहे असे सांगितले जाते.

क्यू बिडला अलर्ट (बोलीला खास अर्थ आहे, हे प्रतिस्पर्ध्यांना कळवणे) द्यायचा की नाही, हे स्पर्धेगणिक बदलते. खेळ सुरू होण्याआधी संचालकांना विचारा. आणि दुकानात सरावाला येताना शक्यतो भिडूला सोबत आणा.