बॅकिंग ट्रॅक कुठला आणि लिप-सिंक कुठलं: रामश्टाईनच्या मैदानात

इंडस्ट्रियल मेटलचा, म्हणजे जड गिटार आणि मशीनचे ठोके यांच्या संगीताचा, शो पहिल्यांदा पाहून आलेल्या माणसाची एक तक्रार ठरलेली असते: “अर्धं तर रेकॉर्डेडच होतं.” बरोबर आहे, होतं. पण रेकॉर्ड लावून तिच्यासोबत वाजवणं (बॅकिंग ट्रॅक) वेगळं आणि रेकॉर्ड लावून नुसते ओठ हलवणं (लिप-सिंक) वेगळं. हा फरक आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रावाल्यांना समजावावा लागत नाही. मायनस ट्रॅकवर गायकाला खरंच गावं लागतं. प्लस ट्रॅकमध्ये आवाज आधीच भरलेला असतो, माइक फक्त हातात धरायचा.

या संगीतात मशीन मुळातच आहे. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या गॉडफ्लेश बँडने 1988 मध्ये सुरुवात केली ती ड्रमर न घेताच. ड्रम मशीन, गिटार, बास आणि आवाज, बस्स. तो निर्विकार, न थकणारा ठोकाच त्यांना हवा होता. ड्रमर मिळाला नाही म्हणून केलेली सोय नव्हती ती. ज्या बँडमध्ये ड्रमर असतो तिथेही त्याच्या कानात बहुतेक वेळा क्लिक, म्हणजे लय धरून ठेवणारी टिकटिक, चालू असते. कारखान्याचे घणघणाट, सिंथेसायझरच्या धावत्या लकेरी, कोरसचे जादा थर ट्रॅकवरून येतात आणि ड्रमर त्यांच्यासोबत बँडला ओढत नेतो. यात लय ताणता येत नाही, लहर लागली म्हणून अंतरा लांबवता येत नाही. रोजचा शो जवळपास सारखाच होतो. मला हा खरा तोटा वाटतो. पण ती फसवणूक नाही.

फसवणूक पाहायची तर मिली व्हॅनिली ही पॉप गाणाऱ्या दोघांची जोडी. 1989 मध्ये अमेरिकेतल्या कनेटिकटमध्ये शो चालू असताना ट्रॅक अडकला आणि गाण्याची एकच ओळ पुन्हा पुन्हा वाजत राहिली. पुढे उघड झालं की रेकॉर्डवरचे आवाजही त्या दोघांचे नव्हते. 1990 मध्ये त्यांचं ग्रॅमी काढून घेतलं गेलं.

आता गोंधळ कुठे होतो ते बघू. 2022 च्या जुलैत रामश्टाईन या जर्मन इंडस्ट्रियल मेटल बँडचा शो तालिनच्या गीतमहोत्सव मैदानावर झाला. हे एस्टोनियाच्या राजधानीतलं, तालिनच्या उपसागराला लागून असलेलं उतरतं गवताळ मैदान. एरवी इथे हजारो गायक एकत्र गातात. अशा मैदानात तुम्ही स्टेजपासून शंभर मीटरवर उभे असाल तर आवाज तुमच्यापर्यंत यायला जवळपास 0.3 सेकंद लागतात. प्रकाशाला मात्र काहीच वेळ लागत नाही. त्यामुळे मोठ्या स्क्रीनवर गायक टिल लिंडेमानचे ओठ आधी हलतात, शब्द मागून येतो. शेजारचा लगेच म्हणतो, “बघ, लिप-सिंक!” तो बिचारा खरं तर ध्वनीचा वेग मोजत असतो. मागच्या बाजूला जास्तीचे स्पीकर उभे केले तरी तेही मुद्दाम उशिराने वाजवावे लागतात, नाहीतर पुढच्या आवाजाशी टक्कर होऊन नुसता गलका ऐकू येईल.

त्यात समुद्रकाठचा वारा. वाऱ्याची झुळूक बदलली की वरचे सूर मधेच विरतात, मधेच परत येतात, बास मात्र जागच्या जागी. आवाज असा हेलकावला की काही लोकांना तो टेपचा दोष वाटतो. बंद हॉलमध्ये हा प्रश्नच येत नाही.

रामश्टाईनच्या स्टेडियम टूरमध्ये खरं गाणं कुठलं आणि रेकॉर्ड कुठली याचं उत्तर शोमध्येच मिळायचं. ‘डॉइचलांड’ या गाण्याच्या रिमिक्सला गिटारवादक रिखार्ड क्रुस्पे डीजेच्या टेबलामागे उभा, बाकीचे काही जण अंगभर दिवे लावलेल्या पोशाखात नाचतायत. गिटार नाही, ड्रम नाही, सगळं मशीन, आणि ते कुणी लपवतही नाही. मग ‘एंगेल’ हे गाणं. बँड प्रेक्षकांमधल्या छोट्या स्टेजवर येतो आणि नुसत्या पियानोच्या साथीवर गातो. ते झालं की मंडळी रबरी होड्यांत बसून लोकांच्या हातांवरून मुख्य स्टेजवर परत जातात. ‘एंगेल’च्या वेळी कान देऊन ऐकायचं: ओळ संपताना श्वास कुठे तुटतो, शब्द कुठे अलगद उशिरा पडतो. आवाजाचा तोच पोत पुढच्या आगीच्या गाण्यांतही सापडला की समजायचं, गाणारा गातोय.

आणखी दोन खुणा. गायकाने माइक तोंडापासून दूर नेला तर मुख्य आवाज लगेच पडायला हवा. मागचे कोरस चालू राहिले तरी हरकत नाही. आणि दोन गाण्यांमध्ये तो बोलतो तेव्हाची धाप गाण्यातही ऐकू यायला हवी. हे तपासायचं तर साउंडच्या टेबलाजवळ जागा धरा. स्टेजवरून येणारा आवाज तिथे नीट पोचतो, कारण मिक्स करणारा माणूस स्वतः तिथेच बसून ऐकत असतो. फक्त लवकर जा, ती जागा जाणकार आधीच अडवून बसतात.