भागून न पाहता

मोठी मूळ संख्या सापडल्याची बातमी आली की तिच्या शेवटी एक वाक्य हमखास चिकटवलेलं असतं: ‘यामुळे बँकेचे व्यवहार सुरक्षित होतात.’ ऑक्टोबर २०२४मध्ये ल्यूक ड्युरांट यांना सापडलेल्या संख्येचा तरी तिथे काडीचा उपयोग नाही. त्या कामाला साधारण तीनशे अंकी मूळ संख्या पुरतात आणि त्या गुप्त असाव्या लागतात. ही आहे ४,१०,२४,३२० अंकी, आणि जगजाहीर.

मला कुतूहल वेगळंच. ती मूळ आहे हे ठरवलं कसं? शाळेतल्या रीतीने वर्गमुळापर्यंत भागत जायचं, तर वर्गमूळच दोन कोटी अंकी!

सुटका होते ती तिच्या घडणीमुळे. २चा १३,६२,७९,८४१वा घात घ्यायचा आणि त्यातून १ वजा करायचा. अशा संख्यांना मर्सेन संख्या म्हणतात. त्यांच्यासाठी लुका आणि लेमर यांची एक कसोटी आहे. ४पासून सुरुवात. वर्ग करा, २ वजा करा, मर्सेन संख्येने भागून फक्त बाकी ठेवा. घातांकापेक्षा दोनने कमी इतक्या फेऱ्या. शेवटी शून्य आलं तर संख्या मूळ, नाहीतर नाही.

३१ म्हणजे २चा पाचवा घात वजा १, म्हणून तीन फेऱ्या. ४चे झाले १४. १४चे १९४, बाकी ८. ८चे ६२, बाकी शून्य. मूळ! आता २०४७, घातांक ११, फेऱ्या नऊ: १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२, १७३६. शून्य नाही, म्हणजे मूळ नाही. ती २३ × ८९ आहे, पण हे दोघे कसोटीत कुठे दिसलेच नाहीत. गुन्हा सिद्ध, गुन्हेगार बेपत्ता. मर्सेनने १६४४मध्ये ६७ घातांकाची संख्या मूळ म्हणून सांगितली होती. लुकाने १८७६मध्ये ते खोडलं, अवयव न सांगता. अवयव दाखवले कोलने, १९०३मध्ये: १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७.

खरी गंमत त्या भागाकारात आहे, कारण तो करावाच लागत नाही. ९ने भागल्यावरची बाकी आपण अंकांच्या बेरजेवरून काढतो, कारण १०ला ९ने भागलं की १ उरतो. (अंकज्योतिषी जन्मतारखेचे अंक मिळवून ‘भाग्यांक’ काढतात, तोही एवढाच: ९ने भागल्यावरची बाकी, शून्याच्या जागी ९. नशीब त्यात कुठून शिरलं कोण जाणे.) तसंच ३२ला ३१ने भागलं की १ उरतो. १९४ द्विमान पद्धतीत ११००००१०. उजवीकडून पाच अंक तोडा: ११० आणि ०००१०, म्हणजे ६ आणि २. बेरीज ८. झाली बाकी!

उरतो तो वर्ग. चार कोटी अंकी संख्येचा वर्ग नेहमीच्या गुणाकाराने आवरत नाही, म्हणून अंकांची ओळ एखाद्या ध्वनिलहरीसारखी धरून तिचं फूरिये रूपांतर करतात (म्हणजे ती साध्या लहरींमध्ये फोडतात), मिळालेल्या प्रत्येक पदाचा वर्ग करतात आणि उलट रूपांतराने परत येतात. यात दशांश अपूर्णांक येतात, ते जवळच्या पूर्णांकावर आणावे लागतात. आणि तेरा कोटींवर फेऱ्यांमधल्या एकीत जरी हे चुकलं तरी शेवटचं शून्य हातचं जातं. म्हणूनच ही संख्या वेगवेगळ्या यंत्रांवर, वेगवेगळ्या प्रोग्रॅमनी पुन्हा तपासली गेली. दर वेळी शून्यच आलं.