प्रगलन भट्ट्यांतील पाराउत्सर्जनाचे नियंत्रण

जस्त, शिसे, तांबे व सोने यांची धातुके भाजताना आणि वितळवताना वाफ होऊन निघणारा पारा वातावरणात जाण्यापूर्वी वायूतून वेगळा करण्याच्या पद्धती. 2015 मधील जागतिक मानवनिर्मित पाराउत्सर्जन सुमारे 2,200 टन मानले जाते. त्यात लोहेतर धातूंच्या उत्पादनाचा वाटा 15 टक्क्यांच्या आसपास धरतात.

जस्ताच्या धातुकात पारा नेमका कोणत्या रूपात असतो, याबद्दल एकवाक्यता नाही. स्फॅलेराइट या जस्ताच्या सल्फाइड खनिजाच्या स्फटिकजालकात जस्ताच्या अणूंची जागा पारा घेतो, असे एक मत. हिंगुळाचे, म्हणजे पाऱ्याच्या सल्फाइडचे, सूक्ष्म कण धातुकात अडकलेले असतात, असे दुसरे. स्फॅलेराइट व मेटासिनाबार (पाऱ्याच्या सल्फाइडचेच दुसरे रूप) यांची स्फटिकरचना सारखीच असल्याने निदान जस्ताच्या धातुकापुरते पहिले मत अधिक ग्राह्य वाटते. भट्टीच्या दृष्टीने मात्र हा भेद गौण आहे. पाऱ्याचा उत्कलनबिंदू सुमारे 357° से. आहे, तर जस्ताचे धातुक 900° से.च्या वर भाजतात. त्यामुळे जवळजवळ सर्व पारा वायूत उतरतो.

स्थिरविद्युत् अवक्षेपक उष्ण वायूतील धूळ पकडतो, पाऱ्याची वाफ नाही. पुढील ओल्या धावनात, म्हणजे वायू द्रवाने धुताना, ऑक्सिडीभूत (संयुगरूप) पारा बऱ्याच अंशी विरघळतो. मूलद्रव्यरूप पारा तसाच पुढे जातो आणि सल्फ्युरिक अम्लाचा कारखाना जोडलेला असल्यास अम्लात उतरून ते दूषित करतो. नियंत्रणाच्या तंत्राला सुरुवातीची चालना हवेच्या काळजीपेक्षा या अम्लाच्या शुद्धतेने दिली असावी.

सर्वाधिक प्रचलित बोलिडेन-नॉरझिंक पद्धत साधारणपणे 1970 च्या दशकाच्या आरंभीची मानतात. तिच्या नावात स्वीडनमधील बोलिडेन आणि नॉर्वेतील ओड्डा येथे जस्ताचा कारखाना असलेली नॉरझिंक या दोन्ही कंपन्या आहेत. थंड केलेला, धूळमुक्त वायू मर्क्युरिक क्लोराइडच्या विद्रावाने धुतात. पाऱ्याच्या वाफेशी विक्रिया होऊन अविद्राव्य मर्क्युरस क्लोराइड, म्हणजे कॅलोमेल, खाली बसते. त्यातील काही भागावर क्लोरीन सोडून मूळ विद्राव पुन्हा तयार करतात, उरलेला काढून घेतात. थोडक्यात, पारा पकडण्यासाठी पाऱ्याचेच संयुग वापरले जाते. वायूचे तापमान 40° से.च्या आत राखावे लागते. त्यावर गेल्यास पाऱ्याची गळती वाढते.

फिनलंडमधील औटोकुम्पू पद्धतीत क्रम उलटा आहे. धावनापूर्वीच उष्ण वायू सुमारे 190° से.च्या, 90 टक्क्यांच्या आसपास संहतीच्या सल्फ्युरिक अम्लाने धुऊन पाऱ्याचे सल्फेट करतात. सिलीनियमचे गाळणे व सक्रियित कार्बन यांचा उपयोग मुख्यतः अल्प प्रमाणातील पाऱ्यासाठी होतो.

पाऱ्यावरील आंतरराष्ट्रीय मिनामाता करार (स्वीकृती 2013, अंमल 16 ऑगस्ट 2017) या भट्ट्यांना लागू आहे. नव्या स्रोतांना सर्वोत्तम उपलब्ध तंत्राचे बंधन पाच वर्षांत, तर जुन्यांना नियंत्रणाचे उपाय दहा वर्षांत लागू करावयाचे असतात. यूरोपीय संघाच्या 2016 च्या निष्कर्षांत सर्वोत्तम उपलब्ध तंत्राशी निगडित पाराउत्सर्जनाची पातळी दर घनमीटर वायूमागे 0.01 ते 0.05 मिग्रॅ. आहे. काढलेले कॅलोमेल पूर्वी पारानिर्मितीसाठी विकले जाई. पाऱ्याची मागणी घटल्यावर ते स्थिर करून साठवण्याकडे कल आहे.