लोड झालेला ड्रायव्हर आणि प्रोब झालेला ड्रायव्हर

रास्पबेरी पाय या छोट्या संगणक-बोर्डाला बीएमई२८० हा तापमान, दाब आणि आर्द्रता मोजणारा सेन्सर जोडला, ड्रायव्हरची फाइल (मॉड्यूल) लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे मुख्य भागात, घालणारं ‘मॉडप्रोब’ चालवलं, एक अक्षरही न छापता प्रॉम्प्ट परत आला, लोड झालेली मॉड्यूल्स दाखवणाऱ्या ‘एलएसमॉड’च्या यादीत नावही दिसलं. तापमान मात्र कुठेच मिळत नाही. इथे बहुतेक जण मॉड्यूल काढतात, परत घालतात, बोर्ड रिबूट करतात. त्यातून सहसा काही निष्पन्न होत नाही, कारण लोड होणं, म्हणजे ड्रायव्हर मेमरीत येणं, वेगळं आणि प्रोब होणं, म्हणजे ड्रायव्हरने खऱ्या उपकरणाशी बोलून त्याचा ताबा घेणं, वेगळं. पहिल्याचा पुरावा दुसऱ्यासाठी चालत नाही.

मॉड्यूल लोड करताना कर्नल फाइल मेमरीत आणतो, तिची आवृत्ती आणि सिम्बॉल (ती वापरत असलेल्या फंक्शनांची नावं) जुळतात का ते पाहतो आणि तिचं इनिट फंक्शन चालवतो. आयटूसी ही चिपा जोडणारी दोन तारांची बस. तिच्या ड्रायव्हरचं इनिट फंक्शन बसकडे फक्त एक नोंद करतं: अमुक नावाची चिप आली तर मला बोलवा. वायर जोडली आहे का, चिपला वीज मिळते का, याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. सेन्सर ड्रॉवरमध्ये पडलेला असला तरी मॉड्यूल बिनबोभाट लोड होतं. वधूवर सूचक मंडळात नाव नोंदवलं म्हणून लग्न ठरत नाही, तसंच हे.

प्रोबला दोन्ही बाजू लागतात: नोंदलेला ड्रायव्हर आणि त्या बसवर जाहीर झालेलं उपकरण. यूएसबीवरचं उपकरण आपली ओळख आपणच सांगतं, आयटूसीवरची चिप सांगत नाही. म्हणून ‘बस १ वर, हेक्स ७६ या पत्त्यावर, बॉशचा बीएमई२८० आहे’ हे कर्नलला डिव्हाइस ट्रीमधून, म्हणजे बोर्डाला काय काय जोडलंय याच्या वर्णनातून, कळवावं लागतं. तिथला ‘कम्पॅटिबल’ मजकूर ड्रायव्हरच्या यादीशी जुळला की प्रोब फंक्शन चालतं आणि ड्रायव्हर चिपशी पहिल्यांदा बोलतो. प्रोब फंक्शनने शून्य परत केलं तरच ड्रायव्हर त्या उपकरणाला बाइंड झाला, म्हणजे लागला.

‘एलएसमॉड’ तर लोडबद्दलही पूर्ण खरं सांगत नाही. ड्रायव्हर कर्नलमध्येच बिल्ट-इन असेल तर तो या यादीत येतच नाही, त्यासाठी ‘मॉड्यूल्स.बिल्टइन’ ही फाइल पाहावी. शेवटच्या रकान्यातलं ‘० वापर’ वाचून ड्रायव्हर रिकामा बसलाय असा निष्कर्ष निघतो, तोही चूक, कारण आयटूसी उपकरणाला बाइंड होताना मॉड्यूलचा वापर-आकडा वाढत नाही. आणि याच सेन्सरचा खास घोळ: ‘बीएमपी२८०’ नावाच्या मॉड्यूलमध्ये नुसता सामायिक गाभा आहे. बसकडे नोंद करणारं मॉड्यूल ‘बीएमपी२८०-आयटूसी’ हे वेगळं आहे (यादीत मधल्या जोडरेघेच्या जागी अंडरस्कोर दिसतो). नुसता गाभा लोड केला तर नाव दिसतं, पण ड्रायव्हरची नोंदच झालेली नसते.

प्रोबचा पुरावा सिसएफएसमध्ये, म्हणजे कर्नल आपली स्थिती फाइलींच्या रूपात दाखवतो तिथे, मिळतो. ‘सिस’ फोल्डरात ‘बस’, त्यात ‘आयटूसी’, त्यात ‘डिव्हाइसेस’ उघडा. बस १ वरच्या हेक्स ७६ पत्त्याचं उपकरण तिथे ‘१-००७६’ नावाने असतं. हे फोल्डरच नसेल तर उपकरण जाहीर झालेलं नाही, ड्रायव्हरला दोष देऊ नका. फोल्डर आहे पण आत ‘ड्रायव्हर’ नावाची लिंक नाही, म्हणजे प्रोब झाला नाही किंवा फसला. लिंक असेल तर ड्रायव्हर लागलाय. आम्ही पहिल्यांदा हेच पाहतो, लॉग नंतर.

‘आयटूसीडिटेक्ट’ या बसवरचे पत्ते तपासणाऱ्या कमांडचा तक्ताही उपयोगी आहे, पण तो नीट वाचावा लागतो. ७६ हा आकडा दिसला तर चिप उत्तर देते, पण तिला ड्रायव्हर लागलेला नाही. ‘यूयू’ दिसलं तर त्या पत्त्याला ड्रायव्हर लागलेला आहे. मात्र ‘यूयू’ असलेल्या पत्त्यावर हे साधन चिपला विचारतच नाही. प्रोबनंतर वायर निखळली तरी ‘यूयू’ तसंच राहतं. नुसत्या रेघा असतील तर चिप गप्प आहे.

उपकरण जाहीरच झालेलं नाही, ही सर्वात जास्त आढळणारी अवस्था. रास्पबेरी पायच्या कॉन्फिग फाइलमध्ये आयटूसी चालू करणारी ओळ आणि सेन्सरची ओव्हरले ओळ (डिव्हाइस ट्रीत भर घालणारी), दोन्ही लागतात. रास्पबेरी पाय ओएसच्या बुकवर्म आवृत्तीपासून, म्हणजे २०२३ पासून, ही फाइल ‘बूट’मधल्या ‘फर्मवेअर’ फोल्डरात आहे. जुन्या ट्यूटोरियलप्रमाणे थेट ‘बूट’मधली फाइल बदलली तर काहीच घडत नाही. दुसरा सापळा चौकटी कंसातल्या विभागांचा: ओळ चुकून ‘सीएम४’ विभागाखाली पडली की ती फक्त कम्प्यूट मॉड्यूल ४ या बोर्डावर लागू होते, ती ‘ऑल’खाली हवी. ओव्हरलेचं नाव चुकलं तरी बोर्ड मुकाट बूट होतो. ती तक्रार फर्मवेअरच्या लॉगमध्ये असते, ‘व्हीसीलॉग’ने वाचता येते, कर्नलच्या लॉगमध्ये, म्हणजे ‘डीमेसेज’मध्ये, शोधून सापडणार नाही.

डिव्हाइस ट्री बाजूला ठेवून चिप, वायर आणि ड्रायव्हर तपासायचे असतील तर बसच्या फोल्डरातल्या ‘न्यू_डिव्हाइस’ फाइलीत रूट होऊन चिपचं नाव आणि पत्ता लिहा. उपकरण लगेच जाहीर होतं आणि प्रोब सुटतो. हे चाललं तर दोष नक्की डिव्हाइस ट्रीत आहे. काम झाल्यावर ‘डिलीट_डिव्हाइस’मध्ये तोच पत्ता लिहून ते काढून टाका, नाहीतर पुढे ओव्हरलेशी पत्त्यावरून भांडण होईल.

प्रोब झाला पण फसला, तर सहसा ‘डीमेसेज’मध्ये कारण सांगणारा ऋण आकडा येतो. रास्पबेरी पायच्या आयटूसी कंट्रोलरवर -१२१ म्हणजे त्या पत्त्यावर कुणी होकार दिला नाही: पत्ता चुकला, वीज नाही किंवा वायर सुटली. बीएमई२८० चा ‘एसडीओ’ पाय ग्राउंडला असेल तर पत्ता ७६, पुरवठ्याला असेल तर ७७. अधांतरी ठेवला तर पत्त्याचा भरवसा नाही. ओव्हरलेमध्ये ७६ गृहीत धरलेलं असतं, ७७ साठी ‘ॲडर’ हा पॅरामीटर द्यावा लागतो. -११० म्हणजे वेळ संपली, आणि ही वेगळी भानगड आहे. तिथे बसच अडकलेली असू शकते: एखाद्या चिपने घड्याळाची तार खाली धरून ठेवलेली, किंवा तारा वर ओढून धरणारे पुल-अप रेझिस्टरच नाहीत. हेडरच्या ३ आणि ५ क्रमांकाच्या पिनांवर बोर्डावरच १.८ किलोओहमचे पुल-अप आहेत. दुसऱ्या पिनांवर बस काढली तर ते तुम्हाला बसवावे लागतात.

-२२ आला तर चिप बोलतेय, पण अपेक्षित ती नाही. बीएमई२८० म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच पट्ट्यांवर प्रत्यक्षात बीएमपी२८० असतो. चिपची ओळख सांगणारं ‘डी०’ रजिस्टर वाचा: बीएमई असेल तर हेक्स ६०, बीएमपी असेल तर ५८. अनेक कर्नल आवृत्त्यांमध्ये हा ड्रायव्हर आकडा न जुळल्यावर प्रोब तिथेच सोडून देतो. ओव्हरलेमध्ये बीएमपी२८० लिहा, तापमान आणि दाब मिळतील. आर्द्रता मोजणारा भागच त्या चिपमध्ये नाही.

-५१७ ही चूक नव्हे. आपल्याला लागणारा रेग्युलेटर (वीजपुरवठा) किंवा जीपीआयओ (साधी पिन) अजून तयार नाही, नंतर बोलवा, असं प्रोब सांगतोय. ही सोय कर्नल ३.४ पासून, म्हणजे २०१२ पासून आहे. पण त्या रेग्युलेटरचं मॉड्यूल इमेजमध्ये घातलंच नसेल तर ‘नंतर’ कधी येत नाही. डीबगएफएस या कर्नलच्या तपासणीसाठीच्या फोल्डरातली ‘डिव्हाइसेस_डिफर्ड’ फाइल असं ताटकळत राहिलेलं उपकरण दाखवते, नव्या कर्नलमध्ये बऱ्याचदा कारणासकट.

सगळ्यात त्रासदायक प्रकार निःशब्द अपयशाचा. प्रोबने -१९ किंवा -६ परत केला तर कर्नलचा गाभा त्याला ‘हे माझं उपकरण नाही’ असं समजतो आणि नेहमीचा इशारा छापत नाही. ड्रायव्हरने स्वतः काही छापलं नसेल तर लॉग स्वच्छ दिसतो. काही कंट्रोलर होकार न मिळाल्यावर -१२१ ऐवजी -६ देतात, त्यामुळे तीच सुटलेली वायर एका बोर्डावर ओरडते आणि दुसऱ्यावर गप्प राहते. अशा वेळी कर्नलच्या कमांड लाइनवर ‘इनिटकॉल_डीबग’ घाला, म्हणजे प्रत्येक प्रोबने काय परत केलं आणि किती मायक्रोसेकंद घेतले ते छापून येतं. पुन्हा प्रयत्न करायला मॉड्यूल काढायची गरज नाही. ड्रायव्हरच्या फोल्डरातल्या ‘बाइंड’ फाइलीत ‘१-००७६’ लिहिलं की पुरे.

प्रोब यशस्वी झाला की सेन्सरांसाठीच्या ‘आयआयओ’ बसखाली नवं उपकरण येतं. तापमान सेल्सिअसच्या हजाराव्या भागात असतं, म्हणजे २७४५० म्हणजे २७.४५ अंश. दाब किलोपास्कलमध्ये असतो. समुद्रसपाटीला तो सुमारे १०१ भरतो, पण पुण्यात ९५ च्या आसपास दिसला म्हणून ड्रायव्हर उघडून बसू नका. शहर साधारण ५६० मीटर उंचीवर आहे, तिथे तेवढाच यायला हवा.