गिअर पडत नाही म्हणजे क्लचच गेला, असं नाही

एएमटी, आयएमटी आणि ड्युअल क्लच गाड्या चालवणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

क्लचचं पेडल नसलं तरी गाडीत क्लच असतोच. २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओतून एएमटी, म्हणजे गिअर आपोआप बदलणारी गाडी, आली आणि ट्रॅफिकला वैतागलेल्या मुंबईकरांनी ती उचलून धरली. तिचा गिअरबॉक्स साध्या गाडीसारखाच, क्लच प्लेटही तशीच कोरडी. फक्त तुमच्या डाव्या पायाचं काम ॲक्च्युएटर, म्हणजे क्लच दाबणारा-सोडणारा यांत्रिक हात, करतो. काही गाड्यांत तो तेलाच्या दाबावर चालतो, काहींत नुसत्या मोटरवर. २०२० मध्ये ह्युंदाई व्हेन्यू आणि किया सोनेटमध्ये आलेल्या आयएमटीत गिअर हातानेच टाकायचा, क्लच मात्र कॉम्प्युटर सांभाळतो. ड्युअल क्लचमध्ये एक क्लच विषम गिअरसाठी, दुसरा सम गिअरसाठी. सीव्हीटी आणि टॉर्क कन्व्हर्टर या दुसऱ्या प्रकारच्या ऑटोमॅटिक गाड्यांचं गणित वेगळं, त्यांना हे पत्रक लागू नाही. लोक सरसकट ‘ऑटोमॅटिक’ म्हणतात, म्हणून फोनवर मॉडेल आणि वर्ष जरूर सांगा.

आधी जे बिघाड नाहीत ते बाजूला काढू. एएमटीत गिअर बदलताना मान किंचित पुढे जाते, तो तिचा स्वभाव आहे. तेलाच्या दाबावर चालणाऱ्या अनेक गाड्यांत ड्रायव्हरचं दार उघडलं की पंपाचा बारीक घर्र आवाज येतो. तोही ठीक. पण गाडी नुसती उभी असताना पंप पुन्हा पुन्हा चालू होत असेल, तर दाब कुठेतरी गळतोय. हे अंगावर काढू नका, कारण पंपाची मोटर त्यातच जळते.

खरी लक्षणं अशी: डिस्प्लेवर गिअरच्या आकड्याऐवजी न्यूट्रलचा एन लुकलुकतो, गाडी चालता चालता न्यूट्रलला येते, उचलताना थरथरते, किंवा चढावर इंजिन ओरडतं आणि गाडी जागची हलत नाही. शेवटच्या लक्षणासोबत जळका वास असेल तर प्लेट घसरते आहे, तिथे इलेक्ट्रॉनिक्सला दोष देण्यात अर्थ नाही. रिकामा सपाट रस्ता मिळाला, तर एएमटी मॅन्युअल मोडवर घेऊन वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबून बघा. इंजिनचे फेरे झपकन वाढले आणि वेग तिथेच राहिला, तर उत्तर मिळालं.

गॅरेजला येण्याआधी दोन गोष्टी घरीच होतात. वॉचमनला गाडीमागे उभं करा आणि ब्रेक दाबा. मागचे लाल दिवे लागले नाहीत, तर बहुतेक वेळा ब्रेक पेडलवरचा स्विच किंवा त्याचा फ्यूज गेलेला असतो. ब्रेक दाबलाय हे कॉम्प्युटरला कळत नाही, म्हणून तो गाडी स्टार्टही करू देत नाही आणि गिअरही टाकू देत नाही. एका स्वस्त स्विचसाठी लोक गिअरबॉक्सच्या काळजीत रात्र काढतात.

दुसरी गोष्ट बॅटरी. आठवडाभर सोसायटीत उभी आणि रविवारी बाहेर, अशा गाड्या मुंबईत भरपूर. गाडी काही तास बंद असेल, तर चांगल्या बॅटरीवर मल्टिमीटरला १२.६ व्होल्टच्या आसपास दिसायला हवं. १२.२ च्या खाली असेल तर आधी बॅटरी चार्ज करा, मग बाकीचं बोलू. स्टार्टर फिरताना व्होल्टेज ९.६ च्या खाली बसत असेल तर ती बॅटरी भरवशाची नाही. ॲक्च्युएटरला एकदम मोठा करंट लागतो. तो मिळाला नाही की क्लच अर्ध्यावर अडकतो आणि कॉम्प्युटर ॲक्च्युएटरच्या नावाने बिघाडाचा कोड नोंदवून मोकळा होतो.

कोड ही तक्रार असते, निकाल नव्हे. पी-०९०० आला तर ॲक्च्युएटरच्या सर्किटमध्ये गडबड आहे एवढंच कळतं. त्या सर्किटमध्ये वायर आहे, कपलर म्हणजे वायरी जोडणारा प्लग आहे, फ्यूज आहे, अर्थिंग आहे आणि सगळ्यात महाग तो ॲक्च्युएटर. पी-०८०५ क्लच पोझिशन सेन्सरच्या सर्किटचा. पी-०७०० एवढंच सांगतो की ट्रान्समिशनच्या कॉम्प्युटरला काहीतरी म्हणायचंय. ते काय, हे वाचायला त्या कॉम्प्युटरपर्यंत पोचणारा स्कॅनर लागतो. मोबाइलला जोडायचे स्वस्त स्कॅनर बरेचदा इंजिनपाशीच थांबतात. म्हणून हात जोडून विनंती: येण्याआधी कोड उडवू नका. बिघाड झाला त्या क्षणीचा वेग, इंजिनचे फेरे, तापमान कोडसोबत साठवलेलं असतं. कोड पुसला की तेही जातं आणि आम्ही अंधारात चाचपडत बसतो.

आम्ही बॅटरी आणि फ्यूजनंतर कपलर उघडतो. समुद्राची खारी हवा आणि पावसाळा यांनी पिना हिरव्या पडतात. अंधेरी सबवेच्या पाण्यातून काढलेल्या गाड्यांत तर हे हमखास. पावसाळ्यात उंदीर बॉनेटखाली आसरा घेतात आणि वायर कुरतडतात. बाहेरून लावलेला हॉर्न किंवा सेंट्रल लॉक ज्या वायरीवर जोडलाय तीही तपासतो. मग क्लच चालवणाऱ्या तेलाची पातळी. ज्या गाडीला कंपनीने जे तेल सांगितलंय तेच, सगळीकडे ब्रेक ऑइल चालत नाही. त्यानंतर स्कॅनर लावून गाडी फिरवून आणतो. क्लचने पूर्ण पकडलेलं असताना इंजिनचे आणि गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचे (क्लचकडून आत जाणाऱ्या दांड्याचे) फेरे जुळत नसतील, तरच प्लेटवर बोट ठेवतो.

प्लेट लवकर झिजण्याचं मुंबईतलं मोठं कारण पोडियम पार्किंगचे उभे रॅम्प आणि केम्प्स कॉर्नरसारखे चढ. पुढची गाडी हलेपर्यंत ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरली की अर्धवट दाबलेली प्लेट भाजते. ब्रेक धरा, लागला तर हँडब्रेक ओढा. ट्रॅफिकमध्येही इंच इंच सरकण्यापेक्षा थोडी जागा होऊ द्या, मग एकदाच पुढे जा. मागचा हॉर्न वाजवेल, वाजवू दे.

गाडी गिअरमध्येच अडकून बंद पडली, तर दोरी बांधून ओढू नका. पुढची चाकं गिअरबॉक्सला जोडलेली असतात. फ्लॅटबेड मागवा, किंवा निदान पुढची चाकं उचलून नेणारी टो व्हॅन.

प्लेट किंवा ॲक्च्युएटर बदलल्यावर कॉम्प्युटरला नवा क्लच नेमका कुठे पकडतो ते शिकवावं लागतं. याला आम्ही लर्निंग म्हणतो. ते न करता गाडी बाहेर पडली तर नवी प्लेटसुद्धा थरथरते. काम कुठेही करून घ्या, बिलावर लर्निंग केल्याची नोंद आणि डिकीत जुना पार्ट, दोन्ही मागून घ्या.