पाण्याचा ताण, पातेगळ आणि कपाशीची जनुके

कपाशीच्या पात्या (फुलकळ्या) आणि कोवळी बोंडे का गळतात, हा प्रश्न अमेरिकेतल्या शेतकऱ्यांनाही छळत होता. त्याचा शोध घेताना १९६३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील फ्रेडरिक ॲडिकॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे २२५ किलो कोवळी बोंडे कामी लावली. त्यांतून एक द्रव्य शुद्ध स्वरूपात हाती आले, जेमतेम ९ मिलिग्रॅम. बोंडे गाळणारे द्रव्य म्हणून त्याला ‘ॲब्सिसिन’ म्हटले गेले. त्याच सुमारास ब्रिटनमध्ये झाडांच्या कळ्यांना झोपवणारे एक द्रव्य सापडले होते. दोन्ही एकच निघाली आणि १९६७ मध्ये नाव ठरले, ॲब्सिसिक आम्ल.

पुढे कळले ते वेगळेच. बोंड गळण्यामागचा मुख्य हात इथिलीन वायूचा असतो. ॲब्सिसिक आम्लाचे खरे काम पाण्याशी निगडित आहे. १९६९ मध्ये गव्हाच्या कोमेजलेल्या पानांत ते अनेक पटींनी वाढलेले आढळले आणि चित्र स्पष्ट होऊ लागले: मुळांना पाणी पुरेनासे झाले की हे द्रव्य वाढते आणि पर्णरंध्रे, म्हणजे पानांवरची सूक्ष्म छिद्रे, मिटतात. पाणी वाचते, पण हवेतला कार्बन डायऑक्साइडही आत येईनासा होतो. अन्न कमी तयार झाले की झाड पोसता येणार नाही तेवढा भार टाकून देते. ऑगस्टमध्ये पावसाने दडी मारली की वऱ्हाडात पऱ्हाटीखाली जो पात्यांचा सडा पडतो, तो या हिशेबाचा भाग असतो. फवारणीने तो थांबवू पाहणाऱ्यांनी झाडाची ही बाजूही ध्यानात घ्यायला हवी.

या द्रव्याचा निरोप पेशी नेमका कसा घेते, हे कळायला मात्र २००९ साल उजाडावे लागले. त्या वर्षी त्याचे ग्राहक प्रथिन, म्हणजे पेशीत हा निरोप झेलणारे प्रथिन, सापडले आणि साखळी जुळली. एरवी काही विकरे (एन्झाइम) ताणाच्या जनुकांचा मार्ग अडवून धरतात. ॲब्सिसिक आम्ल ग्राहकाला चिकटले की ती विकरे निकामी होतात आणि अडलेली यंत्रणा मोकळी होते. मग नियामक जनुके जागी होतात, त्यांच्या हाताखालची शेकडो जनुके कामाला लागतात. पेशीत साखर आणि प्रोलिन हे अमिनो आम्ल साठवणे, प्रथिने विस्कटू न देणे, ऑक्सिजनची विषारी रूपे निपटणे ही ती कामे. हे बहुतेक अरॅबिडॉप्सिस या इवल्याशा प्रयोगशाळेच्या झाडात उलगडले. कपाशीत तीच साखळी आहे, फक्त तिच्यापुढे एक जादा अडचण आहे: आपल्याला हवा असतो तो धागा.

रुईचा प्रत्येक तंतू म्हणजे सरकीच्या सालीवरची एकच पेशी. फूल उमलते त्या दिवशी काही पेशी सालीतून वर डोकावतात आणि पुढचे सुमारे तीन आठवडे लांब होत राहतात. ही लांबी येते आतल्या पाण्याच्या दाबातून. २००१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवले की वाढीच्या ऐन भरात ही पेशी शेजारच्या पेशींकडे जाणाऱ्या वाटा काही दिवस बंद करून घेते, साखर आणि पोटॅशियम आत ओढते आणि दाब चढवते. त्याच वेळी पेशीभित्तिका सैल करणारी प्रथिने तयार होत असतात. अशा वेळी पाणी तुटले तर धागा आखूड राहतो. नंतरच्या, भित्तिका जाड होण्याच्या काळात तुटले तर तो कच्चा आणि कमजोर निघतो.

२०१२ मध्ये दिल्ली आणि धारवाडच्या संशोधकांनी बिकानेरी नरमा या, अमेरिकन म्हणवणाऱ्या जातीच्या भारतीय वाणावर हेच जनुकांच्या पातळीवर तपासले. ताण पडलेल्या झाडात बचावाची जनुके वर गेली आणि धागा लांबवण्याशी संबंधित जनुके लक्षणीय प्रमाणात खाली आली. मला हा निष्कर्ष या सगळ्या विषयाची किल्ली वाटतो. दुष्काळ ‘सोसणारी’ कपाशी आणि भाव मिळवून देणारी कपाशी यांत मुळातच ओढाताण आहे, आणि आपल्याकडच्या वाणांचा इतिहास याच ओढाताणीतून गेला आहे.

जुनी भारतीय कपाशी दोन जातींची, आर्बोरियम आणि हर्बेसियम. दोघींत २६ गुणसूत्रे, सोटमूळ खोल जाणारे, धागा आखूड आणि जाडसर. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना लांब धागा हवा म्हणून १८४० मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने अमेरिकेतून मळेवाले आणवले. त्यांचे बियाणे धारवाड परिसर सोडला तर बहुतेक ठिकाणी नीट तगले नाही. अमेरिकन यादवी युद्धात, १८६१ ते १८६५ या काळात, वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला तरी शेतात होती ती देशीच. स्वातंत्र्याच्या वेळी देशातले सुमारे ९७ टक्के कापूसक्षेत्र या दोन जातींखाली होते.

फाळणीने गणित बदलले. लांब धाग्याची सिंध-पंजाबची शेते बरीचशी पलीकडे गेली, गिरण्या मुंबई-अहमदाबादेत राहिल्या. लांब धागा इथेच पिकवणे भाग पडले आणि हिर्सुटम, म्हणजे आपण जिला अमेरिकन म्हणतो ती कपाशी, पसरू लागली. १९७० मध्ये सुरतेत सी. टी. पटेल यांनी एच-४ हा व्यापारी लागवडीचा जगातला पहिला संकरित कापूस दिला. १९८०च्या दशकात नांदेडच्या एनएचएच-४४ ने मराठवाडा-विदर्भातल्या कोरडवाहू शेतात चांगला जम बसवला. २००२ मध्ये बीटी, म्हणजे बोंडअळीला मारणारे जिवाणूचे जनुक घातलेली कपाशी, आली, तीही संकरितच. आज देशी जाती उरल्या आहेत त्या थोड्या टापूंत.

देशी म्हणजे दुष्काळावरचा रामबाण, असे सरसकट बोलले जाते ते मला पटत नाही. पण जनुकांच्या अंगाने तिच्याकडे पाहण्यासारखे बरेच आहे. कच्छच्या वागड भागातला हर्बेसियम कापूस घ्या. त्याचे बोंड पुरते उमलतही नाही, पण तो खारवट जमिनीत, मुरलेल्या ओलीवर येतो. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेने २०१२ मध्येच वागड आणि आरएएचएस-१४ हे एकाच जातीचे दोन वाण शेजारी ठेवून पाहिले. दुसरा ताणाला हळवा. वागडमध्ये नियामक आणि संप्रेरकांशी (ॲब्सिसिक आम्लासारख्या निरोप देणाऱ्या द्रव्यांशी) संबंधित जनुकांची हालचाल ठळक दिसली.  एकाच जातीचे असल्याने त्यांच्यातला फरक जनुकांच्या यादीपेक्षा ती कधी आणि किती जोराने वापरायची यात असावा, असे मला वाटते.

अमेरिकन कपाशीत गोष्ट आणखी गुंतागुंतीची आहे. तिची ५२ गुणसूत्रे म्हणजे दोन वेगळ्या जातींचा मिलाफ, सुमारे १० ते २० लाख वर्षांपूर्वी झालेला. एक पूर्वज आपल्या देशी कपाशीचा आप्त, दुसरा दक्षिण अमेरिकेतल्या रायमोंडीचा, जिच्या सरकीवर कातण्याजोगा धागाच नसतो. १९४० मध्ये संशोधक बीझली यांनी जुन्या जगातली आणि नव्या जगातली जात प्रयोगात एकत्र आणून ही उत्पत्ती पडताळून दाखवली होती. परिणाम असा की बहुतेक प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती झाडात असतात, आणि त्या कामे वाटून घेतात. एका विकराच्या जनुकाबाबत २००७ मध्ये असे दिसले की कोवळ्या रोपाच्या खोडात त्याची एक प्रत पाणी साचल्यावर चालते, तर दुसरी थंडीत. म्हणजे दुष्काळाचे जनुक शोधायचे तर आधी विचारावे लागते, कोणती प्रत? रायमोंडीचा जनुकसंच २०१२ मध्ये, आर्बोरियमचा २०१४ मध्ये आणि हिर्सुटमचा २०१५ मध्ये वाचला गेला, तेव्हा कुठे हा प्रश्न नीट विचारता येऊ लागला.

दरम्यान बाहेरचे जनुक घालून पाहण्याचे प्रयत्नही झाले. अरॅबिडॉप्सिसमधल्या एव्हीपी-१ या प्रोटॉन पंपाचे (पेशीच्या आत प्रोटॉन ढकलणाऱ्या प्रथिनाचे) जनुक कपाशीत घातल्यावर टेक्सासच्या कोरडवाहू शेतात किमान २० टक्के जास्त रुई आली, असे २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. भातातले एसएनएसी-१ हे नियामक जनुक घातलेल्या कपाशीने मुळे वाढवली आणि बाष्पोत्सर्जन, म्हणजे पानांतून उडून जाणारे पाणी, घटवले, हे २०१४ चे काम. आपल्या शेतापर्यंत यातले काही पोचलेले नाही, आणि त्याला फक्त परवानग्यांचा घोळ कारण नाही. बोंडअळीला मारायला सुरुवातीला जिवाणूतली एक-दोन प्रथिनांची जनुके पुरली. पाण्याच्या ताणाला तसा एक शत्रू नाही. पेरणीनंतरचा खंड, फुलोऱ्यातला खंड आणि परतीचा पाऊस न आल्याने ऑक्टोबरात पडणारी कोरड ही तीन वेगळी संकटे आहेत, आणि एकाला उपयोगी पडणारे जनुक दुसऱ्या वेळी उत्पन्न घटवू शकते. पर्णरंध्रे लवकर मिटणारे झाड भरपूर पावसाच्या वर्षी मागे पडते.

म्हणून झाड ताण ‘सोसते’ की तो येण्याआधीच आटोपून ‘निसटते’, हा भेद महत्त्वाचा. बहुतेक संकरित वाण लांब कालावधीचे. विदर्भात पाऊस ऑक्टोबरच्या सुरुवातीला निघून जातो आणि त्यांची बोंडे नेमकी त्यानंतर, जमिनीत मुरलेल्या ओलीवर भरत असतात. भारी काळ्या जमिनीत ती ओल पुरते. हलक्या, मुरमाड जमिनीत पुरत नाही. त्यामुळे नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि अकोला, परभणीची विद्यापीठे बुटके, लवकर येणारे, दाट लावता येणारे वाण शोधत आली आहेत. फुलोऱ्याची वेळ ठरवणाऱ्या जनुकांचे मोल इथे ताणाच्या जनुकांइतकेच आहे. परभणीत आर्बोरियमचा धागा लांब करण्याचे कामही बरीच वर्षे चालू आहे, म्हणजे मुळे देशीची ठेवून धागा गिरणीला चालेल असा करणे.

इतर तंतुपिकांनी हा तिढा आपापल्या परीने सोडवला आहे. अंबाडी आणि तागाचा धागा खोडाच्या सालीतून येतो, तिथे पात्या गळण्याचा प्रश्न येत नाही. ताण पडला की खोडच खुंटते. बांधावरची घायपात तर पर्णरंध्रे रात्रीच उघडते. कपाशीला ही सोय नाही, कारण तिचा धागा फुलानंतर, बियाण्यावर आणि पाण्याच्या दाबावर वाढतो. आणि तिचा हमीभाव आजही मध्यम आणि लांब धागा अशा दोन गटांत जाहीर होतो. मूळ किती खोल गेले, याचा रकाना त्यात नसतो.