नत्र ‘उडालं’ म्हणजे नेमकं काय? अमोनिया आणि नायट्रस ऑक्साईड

पहाटे बंद गोठ्याचं दार उघडलं की डोळे चुरचुरतात. तो अमोनिया, नत्राचाच (नायट्रोजनचा) एक वायू. ओल्या रानात युरिया वरूनच फोकला आणि दुसऱ्या दिवशी कडक ऊन पडलं, तर तिथूनही तोच सुटतो. आपल्या काळ्या, चुनखडीच्या जमिनी विम्लधर्मी (आम्लाच्या उलट), त्यामुळे तो जरा जास्तच सुटतो. ४५ किलोच्या गोणीत नत्र जेमतेम २०.७ किलो, त्यातलं बरंच असं वाऱ्यावर जातं.

नत्राचा दुसरा वायू नायट्रस ऑक्साईड, त्याला असा वास नाही. म्हणून त्याच्याबद्दल कुणी तक्रारही करत नाही. नत्राचं नायट्रेट झालेलं असावं आणि वर पाणी तुंबावं, की हवा न मिळालेले जिवाणू त्या नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरतात आणि हा वायू बाहेर पडतो. (गाडीच्या धुरातले नायट्रोजन ऑक्साईड वेगळे.)

अमोनिया हवेत काही तास, फार तर काही दिवस टिकतो. पण तेवढ्यात धुरातल्या आम्लांशी जुळून फुप्फुसात उतरणारे बारीक कण बनवतो. नायट्रस ऑक्साईड शंभरएक वर्षं राहतो, ओझोनचा थर विरळ करतो आणि किलोमागे कार्बन डायऑक्साईडच्या सुमारे २७३ पट तापवतो.

घोळ होतो तो उपायात. २०१५पासून देशात युरिया कडुनिंब लावूनच येतो, त्यामुळे ‘आता उडत नाही’ असा समज पसरला आहे. कडुनिंब युरियापासून जमिनीत बनणाऱ्या अमोनियमचं नायट्रेट होणं लांबवतं, म्हणजे लगाम नायट्रस ऑक्साईडला. दाणा उघड्यावर पडला असेल तर अमोनियाला त्याने फारशी आडकाठी होत नाही. अमोनियासाठी दाणा मातीआड करायचा किंवा लगेच हलकं पाणी द्यायचं. तेच पाणी भरमसाट सोडलं की नायट्रस ऑक्साईडला वाट मोकळी! वाफशावर (जमीन ओलसर, पण चिखल नाही अशा वेळी), हप्त्याहप्त्याने, ठिबकातून दिलेलं खत म्हणूनच मला सगळ्यात पटतं.

कोकणातल्या चारसूत्री भातात (ही भात लावण्याची एक पद्धत) मात्र दोघांचीही एकदम कोंडी होते. चार चुडांच्या (रोपांच्या जुड्यांच्या) मधोमध युरिया आणि डीएपी या स्फुरदयुक्त खताची २.७ ग्रॅमची गोळी ७ ते १० सेंटिमीटर खोल चिखलात दाबतात. वर माती-पाणी असल्याने अमोनिया अडतो. खाली हवा नसल्याने नायट्रेटच फारसं बनत नाही. अडचण एकच: एकराला अशा पंचवीस हजार गोळ्या लागतात, आणि त्या वाकून हाताने दाबाव्या लागतात.